बाण कधी सोडायचा, कधी नाही: धनुष्याने हरणाची शिकार शिकणाऱ्यांसाठी

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली चितळ, सांबर, काळवीट, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि धनुष्याने केली म्हणून तो सौम्य ठरत नाही. सुट्टीत गावी गेल्यावर मामाच्या शेतात हे ज्ञान पाजळायचं मनातसुद्धा आणू नका.

इथली परिस्थिती वेगळी आहे. मी न्यू जर्सीतलं उदाहरण धरून लिहितोय. इथले लांडगे आणि कुगर (पहाडी सिंह) कधीच संपले, व्हाइटटेल हरणं मात्र लोकांच्या अंगणातल्या होस्टा या शोभेच्या झाडापर्यंत येऊन पोचली. जंगलात कोवळी रोपं वर येऊ देत नाहीत, रस्त्यावर गाड्यांपुढे येतात. म्हणून राज्याचं वन्यजीव खातंच दरवर्षी हंगाम आणि मर्यादा ठरवून देतं. वस्ती दाट असल्यामुळे धनुष्याला इथे खास महत्त्व आहे: राहत्या इमारतीपासून बंदुकीला ४५० फुटांचं अंतर राखावं लागतं, धनुष्याला १५० फूट. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे धनुष्याच्या शिकारीसाठी वेगळा कोर्स करावा लागतो. तो आधी करा. तुमच्या राज्याची पुस्तिका दरवर्षी नव्याने वाचा, नियम बदलत राहतात.

नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: धनुष्य कोणतं घेऊ? दुकानात गेलात की त्याचं उत्तर देणारे पन्नास जण भेटतील. कोणता शॉट घ्यायचा नाही, हे सांगणारे कमी. म्हणून इथे तेवढंच.

बाण मारतो कसा

बंदुकीच्या गोळीत प्रचंड ऊर्जा असते, ती आत गेल्यावर आजूबाजूच्या पेशींचाही चुराडा होतो. बाणाचं तसं नाही. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं पात्यांचं टोक, फक्त कापत जातं. ते जिथून जाईल तिथलंच कापलं जातं, बोटभर बाजूचं शाबूत राहतं. हरीण मरतं ते रक्तस्रावाने आणि फुप्फुसं आकसल्यामुळे. दोन्ही फुप्फुसांतून बाण आरपार गेला तर मेंदूला रक्त आणि हवा पोचणं काही सेकंदांत थांबतं आणि हरीण बहुतेकदा शंभर यार्डांच्या आतच कोसळतं. एकाच फुप्फुसाला लागला तर ते मैलभर जाऊ शकतं, कधी कधी जगतंही. पोटात लागला तर मरण नक्की, पण तासन्‌तास लांबलेलं.

म्हणून माझा नियम एकच: दोन्ही फुप्फुसं. समोरचा शॉट बाण दोन्ही फुप्फुसांतून नेत असेल तर हो, नाहीतर नाही. हृदयावर नेम धरायच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, पण हृदय लहान असतं, खाली असतं आणि पायाच्या हाडाला चिकटून असतं. दोन्ही फुप्फुसांचा नेम किंचित खाली गेला तर ते आपोआप मिळतं. मुद्दाम त्याच्या मागे लागू नका.

हरीण आतून बघायला शिका

नवशिका हरणाच्या अंगावर एक ठिपका शोधतो: पुढच्या पायामागचा. अनुभवी माणूस आतला अवयव बघतो आणि बाण पलीकडून कुठे बाहेर पडेल ते बघतो. ही सवय लागली की पुढचं निम्मं काम झालं.

आडव्या उभ्या हरणाचा छातीचा पिंजरा डोळ्यांसमोर आणा. पुढच्या पायाचं हाड कोपरापासून सरळ वर जात नाही, ते पुढे छातीच्या टोकाकडे जातं, आणि तिथून फऱ्याचं चपटं हाड वर आणि मागे झुकतं. म्हणजे या दोन हाडांमध्ये मागच्या बाजूला उघडा असा एक त्रिकोण राहतो. हृदय त्याच्या तळाशी, कोपराच्या जरा वर. फुप्फुसं त्रिकोणात आणि त्याच्या थोडी मागेपर्यंत. त्यामागे श्वासपटल, त्याला टेकून यकृत, आणि मग रवंथाचं भलंमोठं पोट.

व्हाइटटेलच्या या महत्त्वाच्या भागाचं माप साधारण आठ इंच व्यासाचं धरतात. नेम असा: पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून सरळ वर जा, आणि छातीच्या तळापासून पाठीपर्यंतच्या उंचीचा खालचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे थांबा. ‘खांद्याच्या मागे’ हा जुना सल्ला चुकीचा नाही, पण खांद्याच्या हाडाला घाबरून नवखा माणूस हळूहळू मागे सरकत जातो आणि वीतभर मागे गेला की फुप्फुसं संपून यकृत आणि पोट सुरू होतं. वर सरकणंही तितकंच वाईट. पाठीच्या कण्याखाली काही रिकामी पोकळी असते अशी एक लोककथा शिकाऱ्यांत फिरते. तशी पोकळी नसते. कणा पाठीच्या रेषेपासून बराच खाली असतो, त्यामुळे ‘कण्याच्या खाली’ वाटलेला बाण प्रत्यक्षात कण्याच्या वरच्या मांसातून गेलेला असतो, आणि हरीण पसार झालेलं असतं.

जवळचा पाय पुढे टाकलेला असेल तर त्रिकोण आणखी उघडतो. पाय मागे असेल तर तो झाकला जातो. हरीण चरत असेल तर पुढचं पाऊल पडायची वाट बघा.

कोणत्या कोनात हो, कोणत्यात नाही

आडवं हरीण, म्हणजे तुमच्या नेमाशी काटकोनात: हो. सगळ्यात सोपा हिशोब.

तिरपं, तोंड पलीकडे: हो, आणि अनेक जुने शिकारी हाच कोन पहिला मानतात. हरणाची नजर दुसरीकडे असते, धनुष्य ओढताना दिसत नाही आणि फऱ्याचं हाड वाटेत येत नाही. इथे मात्र जवळच्या पायामागचा तो ठिपका विसरा. पलीकडच्या पुढच्या पायावर लक्ष ठेवा आणि बाण तिथून बाहेर पडावा अशा बेताने नेम धरा. त्यामुळे आत शिरायची जागा मागे, शेवटच्या बरगड्यांकडे सरकते. ती जागा बघून पोटाची भीती वाटते, पण बाण पुढे फुप्फुसांत जातो. मर्यादा साधारण ४५ अंशांची. त्याहून जास्त पाठमोरं झालं की बाणाला आधी रवंथाच्या पोटातून जावं लागतं किंवा तो बरगड्यांवरून घसरतो. तेव्हा थांबा.

तिरपं, तोंड तुमच्याकडे: नाही. फऱ्याचं आणि पायाचं जाड हाड वाटेत येतं आणि त्यातून बाण निसटला तरी एकच फुप्फुस आणि मग पोट अशी वाट मिळते. शिवाय डोळे तुमच्याकडे. समोरासमोर, छाती पुढे करून उभं: नाही. गळ्याखालची उघडी जागा मुठीएवढी असते, दोन्ही बाजूंना हाड. इंटरनेटवर या शॉटचे व्हिडिओ सापडतील, कारण फसलेल्या शॉटचे व्हिडिओ लोक टाकत नाहीत. पाठमोरं, मान, डोकं, धावतं, पाण्यातून पोहणारं, बसलेलं: याबद्दल बोलायलाच नको.

मचाणावर बसलात तर

इथे बहुतेक जण झाडावर ट्रीस्टँड लावतात. आपण त्याला मचाण म्हणूया. आधी सुरक्षा: अंगात हार्नेस, आणि जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत दोराशी जोडलेलं. या छंदात माणसं जखमी होतात ती बहुतांश मचाणावरून पडून.

आता कोन. मचाण २० फुटांवर आहे आणि हरणाची छाती जमिनीपासून तीनेक फुटांवर असं धरा. हरीण २० यार्डांवर असेल तर बाण सुमारे १६ अंश खाली झुकलेला जातो, काही अडचण नाही. दहा यार्डांवर तोच कोन ३० अंश होतो. पाच यार्डांवर जवळजवळ ५० अंश. नवख्याला वाटतं जितकं जवळ तितकं सोपं, पण मचाणावरून उलटं घडतं. उभा कोन वाढला की दोन्ही फुप्फुसं एका रेषेत येणं बंद होतं. बाण पाठीच्या एका बाजूने शिरून एकाच फुप्फुसातून खाली उतरतो, आणि बाहेर पडलाच तर पोटाखालून. मचाणाच्या थेट बुंध्याशी आलेलं हरीण हे हातातलं हरीण वाटतं. त्याला १५ यार्डांपर्यंत जाऊ द्या.

उतरत्या शॉटसाठी नेम थोडा वर घ्यायचा, बाण पलीकडच्या बाजूने खालच्या तिसऱ्या भागातून बाहेर पडेल इतका. आणि कमरेत वाका. फक्त हात खाली केलात तर धनुष्य ओढायची तुमची मांडणी बिघडते आणि बाण भलतीकडेच जातो. घरामागे शिडीवरून नाही, सरावासाठी बांधलेल्या मचाणावरून, हार्नेस घालून, हिवाळी जाकीट अंगात ठेवून सराव करा. जाड बाहीला प्रत्यंचा लागते हे हंगामातल्या पहिल्या थंड सकाळी कळू नये.

अंतर: तुमचं आणि हरणाचं

नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड (कप्प्यांच्या) धनुष्याच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. साताऱ्याची अदिती स्वामी त्याच स्पर्धेत महिलांत जगज्जेती झाली. कंपाउंडचं लक्ष्य ५० मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटीमीटरचं. मग शिकारी लोक आठ इंचांच्या जागेसाठी २० यार्डांचा आग्रह का धरतात? कारण लक्ष्याचा कागद आवाज ऐकून खाली बसत नाही.

हा हिशोब एकदा करून बघा, मग कोणाशी वाद घालावा लागणार नाही. बाण सेकंदाला २७० फूट वेगाने जातो असं धरू. २० यार्ड म्हणजे ६० फूट: बाणाला लागतात ०.२२ सेकंद. धनुष्याचा आवाज सेकंदाला अकराशेच्या आसपास फुटांनी जातो, तो ०.०५ सेकंदातच पोचतो. उरले ०.१७ सेकंद. ४० यार्डांवर हाच उरलेला वेळ ०.३३ सेकंदांच्या पुढे जातो. दचकलेलं हरीण पळण्यासाठी उसळी मारतं, आणि उसळीसाठी आधी पाय दुमडून खाली येतं. बाण चुकवायचा त्याचा हेतू नसतो, पण परिणाम तोच. गुरुत्वाकर्षणाने शरीर ०.१ सेकंदात दोन इंच खाली येतं, ०.२ सेकंदात जवळजवळ आठ इंच, पाव सेकंदात फूटभर. आवाज ऐकून स्नायू हलायला लागणारा वेळ वजा केला तरी २० यार्डांवर फरक इंच-दोन इंचांचा राहतो, ४० यार्डांवर तुमचा अचूक नेम पाठीच्या वरून निघून जातो किंवा कण्याजवळच्या मांसात रुततो. जास्त वेगाचं धनुष्य घेऊन हे सुटत नाही, थोडं कमी होतं एवढंच.

तुमचं स्वतःचं अंतर असं ठरवा. आठ नाही, सहा इंचांची पेपर प्लेट लावा. गाडीतून उतरा, हात न गरमवता, एकच बाण मारा. पहिलाच. जंगलात दुसरा बाण मिळत नसतो, त्यामुळे वीस बाणांनंतर लक्ष्यावर जमलेला तुमचा पुंजका कितीही सुंदर असला तरी त्याचा उपयोग नाही. असं रोज एकदा, महिनाभर. ज्या अंतरावर तो पहिला बाण दर वेळी प्लेटमध्ये जातो ते तुमचं अंतर. ब्रॉडहेड लावूनही तपासा, सरावाच्या टोकाने आणि ब्रॉडहेडने बाण एकाच जागी जाईल असं गृहीत धरू नका. पहिल्या हंगामात हे अंतर २० यार्ड निघालं तर त्यात काही कमीपणा नाही. मचाणावर बसल्याबरोबर रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) आजूबाजूच्या चार झाडांचं अंतर मोजून ठेवा, हरीण आल्यावर मोजायला सवड मिळत नाही.

धनुष्याची ताकद, म्हणजे ते ओढायला लागणारं वजन, किती? बऱ्याच राज्यांत किमान ३५ किंवा ४० पाउंडांची अट आहे. तेवढ्या ताकदीतही धारदार, जड बाण योग्य कोनात आरपार जातो. बसल्या जागी, थंडीत, हळूहळू ओढता येईल एवढंच वजन ठेवा. धनुष्य आकाशाकडे नेऊन हिसका द्यावा लागत असेल तर ते तुम्हाला झेपत नाही.

हरणाचा नूर

कोन बरोबर, अंतर बरोबर, तरी शॉट नाही, असं होऊ शकतं. निवांत हरणाचं डोकं खाली असतं, शेपटी अधूनमधून हलते, कान स्वतंत्र फिरतात. सावध हरीण मान ताठ करतं, दोन्ही कान एकाच दिशेला रोखतं, पुढचा खूर जमिनीवर आपटतं. खूर आपटणारी मादी म्हणजे आधीच ताणलेली स्प्रिंग. ती वीस यार्डांवरही बाणाखालून निघून जाईल.

चालत्या हरणाला तोंडाने ‘म्याऽ’ असा आवाज करून थांबवायची पद्धत आहे. चालते. पण थांबलेलं हरीण तुमच्याकडे बघत थांबतं, म्हणजे तुम्हीच त्याला सावध केलं. म्हणून हे फक्त जवळच्या अंतरावर आणि धनुष्य पूर्ण ओढून झाल्यावर.

एक उदाहरण सावकाश बघू. ऑक्टोबरची संध्याकाळ, सूर्य मावळलेला, कायद्याने अजून थोडा वेळ आहे. एक मादी ओकच्या झाडाखाली एकोर्न (ओकची फळं) खात येतेय, मागे दुसरी. अंतर २३ यार्ड, तुमची मर्यादा २५. ती तिरपी आहे, तोंड तुमच्याकडे. थांबा. डोकं झाडामागे जातं: धनुष्य आता ओढायचं, ती बाहेर आल्यावर नाही. बाहेर येते, आडवी होते. पिन, म्हणजे धनुष्यावरचा नेम धरायचा ठिपका, छातीवर. आता तीन गोष्टी बघायच्या, आणि याच तीन लोक विसरतात. पहिली, बाणाची वाट. बाण सरळ रेषेत नाही, कमानीत जातो. पिनच्या रेषेत काही नसलं तरी मधल्या अंतरावर काही इंच वर असलेली काडी बाणाला फिरवू शकते. दुसरी, तिच्या मागे काय आहे. बाण आरपार जाणार आहे, आणि दुसरी मादी नेमकी तिथेच उभी आहे. तिसरी, पीप साइटमधून (प्रत्यंचेत बसवलेल्या छोट्या भोकातून) तुम्हाला पिन दिसते की नुसता अंधुक तपकिरी ठिपका. घड्याळ परवानगी देतंय, पण केस आणि पाय वेगळे दिसत नसतील तर उजेड संपलेला आहे. दुसरी मादी हलत नाही, तुमचे हात थरथरायला लागतात, तुम्ही धनुष्य हळूच सैल करता, ती दचकून उड्या मारत जाते. उत्तम निर्णय. घरी गेल्यावर मित्र हसतील, हसू देत.

शिंगवाला मोठा नर आला की हेच सगळं दुप्पट अवघड होतं. इथले लोक याला ‘बक फीवर’ म्हणतात आणि तो कोणालाही चढतो. यावर माझ्या मते एकच उपाय: तुमचं अंतर आणि नको असलेले कोन हंगामाआधी कागदावर लिहा. मचाणावर बसून ठरवायला गेलात तर नर स्वतःच्या शिंगांच्या वजनाने तुमची मर्यादा २५ वरून ३५ यार्डांवर ओढून नेतो. आणि पहिलं हरीण मादी असू द्या. मांस चांगलं, संख्या आटोक्यात ठेवायला तिचाच उपयोग, आणि डोकं ठिकाणावर राहतं.

बाण सुटल्यावर

मचाणावरच बसा. हरीण शेवटचं कुठे दिसलं ते एखाद्या झाडाशी जोडून ठेवा, कान उघडे ठेवा. मागचे पाय झाडून, अंग खाली घेऊन सुसाट पळालं तर बहुतेक छातीत लागलाय. पाठीला कुबड काढून, शेपटी दाबून, चार पावलं पळून चालायला लागलं तर पोटात. अर्ध्या तासाने खाली उतरा आणि आधी बाण शोधा.

बाणावरचं आणि जमिनीवरचं रक्त सगळं सांगतं. गुलाबी, बारीक बुडबुडे असलेलं: फुप्फुस, माग काढत चला. गडद, काळपट लाल: यकृत, चार ते सहा तास थांबा. हिरवट-तपकिरी चिकट आणि वास येणारं: पोट. अशा वेळी आल्या पावली मागे फिरा आणि आठ ते बारा तास त्या बाजूला जाऊ नका. जखमी हरीण पाठलाग झाला नाही तर दोनशे यार्डांच्या आत बसतं आणि तिथेच मरतं. उठवलंत तर ते अंगात असेल तेवढं बळ एकवटून जातं आणि मग सापडत नाही. पाऊस येतोय म्हणून घाई करायची का? पोटात लागलं असेल तर पावसातही थांबा. रक्त धुतलं जाईल, हरीण जवळ राहील.

माग काढताना रक्ताच्या रेषेवरून चालू नका, बाजूने चाला. शेवटच्या थेंबावर टिश्यू पेपर अडकवा. रेषा तुटली तर मागे वळून बघा, पांढऱ्या खुणा दिशा दाखवतात. पाण्याकडे आणि दाट झुडपाकडे आधी शोधा. तरी नाही मिळालं तर पट्टे पाडून जमीन विंचरा. अनेक राज्यांत दोरीने बांधलेल्या कुत्र्याने माग काढायची परवानगी आहे आणि असे कुत्रे बाळगणारे लोक आनंदाने येतात. त्यांचा नंबर हंगामाआधीच फोनमध्ये ठेवा. मात्र चार लोकांना घेऊन रान तुडवायच्या आधी बोलवा, तुडवलेल्या वासातून कुत्र्यालाही काही सापडत नाही. शेजारच्या जमिनीत माग गेला तर कुंपणाशी थांबा, मालकाचं दार ठोठावा, आणि तेसुद्धा धनुष्य गाडीत ठेवून.

सापडलं की पाठीकडून काठीने डोळ्याला स्पर्श करून मेल्याची खात्री करा, मग टॅग (शिकारीच्या नोंदीची चिठ्ठी) भरा. फोटो काढायचा तर नंतर. सप्टेंबरातल्या उकाड्यात असाल तर आधी पोट उघडून आतडी बाहेर काढा आणि छातीच्या पोकळीत बर्फाच्या पिशव्या ठेवा, मांस गाडीपर्यंत नेईतोवर बिघडतं.